पाठमोरा माणूस

८ मार्च

चि. शाईबोटी हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही कोण हे आठवत नसेल, म्हणून आधी ओळख देते. मी तुझ्या वडिलांची आई, आणि पलंगावर खोकतायत ते तुझे आजोबा. ओळख पटली असेल तर पुढचं वाच. सांगतेय मी, लिहितेय तुझी काकू. अक्षर वाईट आलं तर तिला बोल, मजकूर वाईट वाटला तर मला.

आजोबांच्या छातीतलं पाणी पुन्हा काढलं. मी डॉक्टरांना विचारलं, मे महिन्यात सिनेमाला नेता येईल ना? ते म्हणाले, मे अजून लांब आहे. एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले.

ह्यांना मात्र एकच घोर, या उन्हाळ्यात कोणते सिनेमे लागणार. थिएटरच्या दारावर उभं राहण्यात जन्म गेला. सुरुवातीला उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवायची, शेवटाच्या आधी बाहेर येऊन दारं उघडायची. सगळे सिनेमे मधले-मधले पाहिलेला माणूस. म्हणून तर नोकरी सुटल्यापासून दर उन्हाळ्यात आपण तिघं एक सिनेमा पहिल्यापासून शेवटापर्यंत बघतो, आणि त्याआधी हे नुसतं पोस्टर बघून सगळी गोष्ट सांगतात. एकदाही बरोबर आली नाही, तरी ऐट कमी नाही.

तू पोस्टरं छापणाऱ्या छापखान्यात आहेस. एखादं पाठव. ह्यांना पुढची कुठलीतरी तारीख धरून बसायला हवी आहे.

लोभ ठेव. तो जमत नसेल तर निदान पोस्टर ठेवून घेऊ नकोस.
तुझी आजी


२ एप्रिल

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

विसरले नव्हते गं. उन्हाळ्याची पोस्टरं एकदम आलीत, दुहेरी पाळी चाललीय. सोबत गुंडाळी आहे. निळा रंग जास्त चढला म्हणून साहेबांनी बाजूला टाकलेला कागद. पुलावर एक बाई, हातात सुटकेस. तिच्यापुढे एक माणूस, पाठमोरा. खाली मोठ्या आकड्यांत तारीख, मेमधला दुसरा शुक्रवार. आजोबांना म्हणावं, गोष्ट तयार ठेवा.

काकू, पुढचं आजीला स्वयंपाकघरात नेऊन वाच. गुंडाळी बांधून झाली आणि छापखान्यात पट्ट्या छापायला आल्या, तारखेवर चिकटवायच्या. सिनेमा लांबलाय, थेट हिवाळ्यात. आता त्या पट्ट्यांच्या कामामुळे मेमध्ये मला रजाही नाही. पट्टी पाठवायला हात होईना. आजी, काय सांगायचं ते तू ठरव.

तुझ्या रागालोभाची धनीण,
शाईबोटी


२९ मे

चि. शाईबोटी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू आलीस, राहिलीस, गेलीस. घरात माणसं होती म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली.

पट्टीचं मी ह्यांना कळू दिलं नाही. पोस्टर पलंगासमोर लावलं होतं. रोज गोष्ट थोडी पुढे सरकायची. बाई नवऱ्याला शोधत आलीय. तो सापडलाय, पण वळून बघत नाही, कारण रुसलाय. पुढे काय विचारलं की म्हणायचे, शेवट थिएटरात.

त्या शुक्रवारी इस्त्रीचा सदरा घालून घेतला आणि पाय खाली सोडले. पाय टेकले, पण अंग उठेना. काकूने धरून पाहिलं, मीही धरून पाहिलं. मग म्हणाले, तू जा, बघून ये आणि शेवट मला सांग.

आता मी कुठे जाऊ? थिएटरपर्यंत गेले. तिथे भलताच मारामारीचा सिनेमा लागला होता. समोरच्या बाकावर बसले. लवकर परतले तर बिंग फुटेल, म्हणून आतली माणसं बाहेर येईपर्यंत बसून राहिले.

घरी आले तर ह्यांनी हात पुढे केला. तिकीट. मी म्हटलं, दारावरच्याने ठेवून घेतलं. हे हसले, बऱ्याच दिवसांनी. दारावरचा अर्धं फाडतो आणि अर्धं परत देतो, हे मला या माणसाशी संसार करून सुचू नये! म्हटलं, आता बोलणी खायची. पण ते म्हणाले, "बरं. शेवट सांग."

मी सांगितला. बाई सुटकेस खाली ठेवते. हाक मारत नाही, नुसती उभी राहते. मग तो माणूस वळतो.

"चेहरा कसा होता?"

"तुमच्यासारखाच. चिडका."

पोस्टरकडे एकदा बघून घेतलं. मग विचारलं, दारं वेळेवर उघडली का. मी हो म्हटलं. त्यांनी चादर ओढून घेतली.

रविवारी सकाळी गेले, ते तुला ठाऊकच आहे. आत्ता तुझ्या काकूचं पेन थांबलंय. थांबू दे जरा.

पोस्टर अजून भिंतीवर आहे. हिवाळ्यात सिनेमा लागला की ये, आपण दोघी जाऊ. पण शेवटाच्या आधी उठायचं. तो माणूस वळला नाही तर मला चालायचं नाही.

लोभ आहे तेवढाच असू दे. वाढवलास तर मला रडू येईल.
तुझी आजी

ता. क. येताना खारे दाणे आण, सिनेमात खायला. कागदाच्या पुडीतले, ह्यांना दुसरे चालत नसत. आणि पुड्या तीन आण.