किरकोळ चीजवस्तूंत न बसणारा कुडा

मी, साधना भारत गांगुर्डे, वय ५२, शिक्षिका, राहणार इंदिरानगर, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. स्वहस्ते अशासाठी, की कोर्टासमोरच्या टायपिस्टाने माझा कुडा "इतर किरकोळ चीजवस्तूं"त, मिक्सर आणि घडीच्या खुर्च्यांच्या मधोमध घातला. मी हरकत घेतली, तर म्हणाला, "बाई, झाडाला वेगळा कॉलम नसतो."

१. घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते मुलगा अश्विन याचे. मात्र अंगणातला कुडा उभा आहे तोवरच. गाडी लावायला म्हणून तो तोडल्यास घर मुलगी स्नेहा हिचे. अश्विन, गाडी रस्त्यावर झोपली तर तिला सर्दी होत नाही.

२. हा कुडा १९९३ साली घोटीच्या शाळेचे कुंपण घालताना मजुरांनी उपटून फेकला होता. वीतभर रोप. मी डब्याच्या पिशवीतून एसटीने आणले. कॉलनीत तेव्हा दारोदार नर्सरीतले पाम. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "अगंबाई, रानातलं झुडूप दारात?" आता दर मे महिन्यात त्याच लताबाई आपल्या पाहुण्यांना आमच्या फाटकाशी आणून पांढरा बहर दाखवतात, "आमच्या गल्लीतलं झाड!" त्यांना मी काही ठेवत नाही. बहर त्यांनी आधीच घेतला आहे.

३. बांगड्या स्नेहाला. पुस्तके शाळेला.

४. यजमान भारत यांना घरात तहहयात राहण्याचा हक्क. त्यांच्या वास्तुतज्ज्ञाला नाही.

"चिकाचं झाड आहे साधना, घरात पैसा टिकत नाही म्हणतात."

"म्हणणाऱ्यालाच देऊन आलात, मग टिकेल कसा?"

१९९६च्या उन्हाळ्यात त्यांनी कुऱ्हाडही आणली. ती माळ्यावर आहे, भंगारात द्यावी.

५. त्याच उन्हाळ्यात ऑपरेशननंतर मी सिन्नरला बहिणीकडे होते. नाशकात पाणी एक दिवसाआड. कुडा गेला असे धरूनच परतले, तर त्याला पहिली फुले आलेली आणि बुंध्याशी माती ओली. भारत यांना विचारले. पेपरमधून डोके न काढता म्हणाले, "नळ गळत असेल."

त्या बाजूला नळ नाही. मोरीतून बादली उचलून न्यावी लागते, आणि त्यांचा गुडघा तेव्हाही कुरकुरत होता.

काल प्लंबर बोलावून कुड्याशेजारी नळ बसवून घेतला. थोडा गळतो. तसाच ठेवावा.

वरील मजकूर मी शांतपणे पुन्हा वाचला. एकही शब्द मागे घेत नाही.

सही: साधना भारत गांगुर्डे

साक्षीदार:
१. महेश कोंडाजी आहेर
२. लताबाई शिंदे (यांना काही मिळत नसल्याने साक्षीला चालतात)

नाशिक, ९ जून २००४