गाईसारखा हिसका

ओसोर्नो, मे महिना

प्रिय एर्मेलिंदा,

तुम्ही दोघी सुखरूप असाल असं धरून लिहितोय. मी ठणठणीत आहे. थोडा खोकला आहे, पण तो इथे सगळ्यांनाच आहे. मालकीण ब्रुनिल्दाबाई पोटभर जेवू घालतात, फक्त बटाट्यांचा शिजवून पार लगदा करतात. आपल्या बेटावरच्या बटाट्याची चव त्यांना कोण सांगणार?

पानगळ लागताच नदीकाठचं जुनं कुरण नांगरून आम्ही नवं गवत पेरलं होतं. आता ते वीतभर झालंय. गाई दिवसभर कुंपणाशी उभ्या राहून त्याच्याकडे बघत असतात. त्यांनी ते एकदा चरलं की मला घरी सोडायचं बाईंनी कबूल केलंय. पण गवताने मूळ धरलंय का, हे आधी हाताने ओढून बघायचं असतं. नुसती पात तुटली तर गाई आत सोडायच्या, मुळासकट उपटलं तर थांबायचं.

काल मी ओढलं. पात तुटली. धावत जाऊन बाईंना घेऊन आलो.

त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे बेलार्मिनो, बायकोच्या वेणीला हात लावल्यासारखं काय ओढतोस? गाय असं खाते होय?" आणि त्यांनी एक हिसका दिला. मुळं, माती, सगळं त्यांच्या मुठीत आलं.

वाऱ्याने छपराची फळी पुन्हा उचकटली का? आपल्या रोसाउराचा हलणारा दात पडला का? पडला असेल तर माझ्यासाठी जपून ठेव.

बाई म्हणतात, अजून पंधरवडा तरी लागेल. मी मात्र रोज सकाळी दूध काढायला जाताना मूठभर ओढून बघतो. हळूच.

तुझाच,
बेलार्मिनो