आजच्यापुरती एक ओळ

प्रिय खडूस,

चार वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. ऑफिसातलं तुझं ते कुरकुरणारं कॉम्प्युटरचं मशीन अखेर निवृत्त होतंय. आपल्या कंपनीच्या लिफ्टचा प्रोग्रॅम जिथे तयार होतो तो सगळा पसारा दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साहेबांचा हुकूम, होतं तसंच न्यायचं. म्हणायला काय जातं! इथे फाइलींचे पत्ते वेगळे, आज्ञा वेगळ्या, निम्मी साधनं मिळतच नाहीत. तीन आठवडे डोकं पिकलं. बाकी सगळं जमलं, पण ब्रेकची चाचणी काही केल्या पास होईना. ब्रेक झिजला की लिफ्टने जवळच्या मजल्यावर थांबून बंद पडायचं, एवढी साधी गोष्ट. जुन्या मशीनवर दरवेळी हिरवी खूण, नव्यावर लाल. सगळे म्हणाले, नव्या सिस्टीमचा घोळ. मीही तिलाच शिव्या घातल्या.

गेल्या महिन्यात एका इमारतीत आपली लिफ्ट घसरली, तुझ्या कानावर आलंच असेल. आतल्या बाईंचे दोन्ही पाय गेले. ब्रेक नीट तपासला नाही म्हणून मेकॅनिकला काढून टाकलं. त्याची बायको ऑफिसच्या दारात येऊन रडली रे. आणि प्रोग्रॅम निर्दोष आहे या कागदावर सही माझी, त्याच हिरव्या खुणेच्या भरवशावर.

परवा दुपारी तुझी सेटिंगची फाइल ओळ न ओळ उतरवून घ्यायला बसले. शेवटून दुसरी ओळ, ब्रेकची चाचणी न करताच पास धर. पुढे तुझी टीप, फक्त आजच्यापुरतं, उद्या काढतो. ती ओळ त्या एकाच मशीनवर, म्हणून कुणाला दिसली नाही. मग तारीख बघितली. बाबांच्या ऑपरेशनचा दिवस. चाचणीला पाऊण तास लागायचा आणि मी फोनवर ओरडत होते, मरू दे ते काम, आधी ये. तू आलास. माझा हात धरून बसलास. ती ओळ सहा वर्षं तशीच राहिली, आणि त्या दिवशी तू घाईत केलेली प्रोग्रॅममधली चूकही, ब्रेक झिजला तरी लिफ्ट चालूच ठेवणारी.

तीच ओळ नव्या मशीनवर उतरवली की सगळं हिरवं. साहेब खूश, तुझं नाव झाकलेलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी तेच घोळवत बसले, तुला कसं वाचवू. चारशे लिफ्ट वर-खाली करत होत्या आणि मी गप्प होते. आज सकाळी आणखी एक घसरली. मी तशीच उठून लिफ्ट निरीक्षकांकडे गेले. ती ओळ, तारीख, माझी सही, सगळं लिहून दिलं. तुझं नावही. त्यांची माणसं तुझ्या दारात यायच्या आधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पाकीट हातोहात पाठवतेय. सकाळच्या लिफ्टचं दार अजून उघडलेलं नाही. आत दोघं आहेत म्हणतात, आणि त्यांतल्या एकाचाच आवाज येतोय.

तुझीच,
भवानी