मास्तरणीच्या खुराड्यातला दिवा

३ डिसेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

गुडघा सोडला तर मी बरी आहे. पत्र लिहिते आहे ते मास्तरणीपायी. तांबडी कोंबडी, अंगणभर मान ताठ ठेवून फिरायची, आठवते ना? आता ती सहा वर्षांची झाली. दोन आठवडे तिची अंडी इतक्या पातळ कवचाची येतात की हात लावला की फुटतात. कालपासून तर खोक्यात बसून नुसती कण्हते, अंडं बाहेर येत नाही. दिवस लहान झाल्यापासून तू सांगितलास तसा खुराड्यात पहाटे चारला दिवाही लावते. तू पोल्ट्रीवर तीस वर्षं सुपरवायझर. आता काय करू ते उलटटपाली कळव.

तुझी वाट बघणारी,
अक्का

७ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आवरेना. सहा वर्षांची कोंबडी! अगं, आमच्याकडे दीड वर्षात बाद. अंडं कमी झालं की गाडी येते आणि पिंजरे रिकामे होतात. औषधपाण्याच्या नादी लागू नकोस. तिला सरळ पातेल्यात घाल, मी चार नव्या पाठवतो. दिवा मात्र चालू ठेव.

महिनाअखेर मी निवृत्त होतोय. ही खोली पोल्ट्रीची, ती सोडावी लागेल. पुढचं पुढे बघू.

सगळी माया कोंबडीवर उधळू नकोस, थोडी माझ्यासाठी ठेव.

तुझा,
धाकट्या

११ डिसेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मागाहून, आधी ऐक. पातेल्यात घाल म्हणे! लिहिताना लाज नाही वाटली? मी उपाय विचारला होता, पाककृती नाही.

तुझ्या भरवशावर राहिले असते तर ती केव्हाच गेली असती. समोरची सुईणबाई धावून आली. आम्ही मास्तरणीला कोमट पाण्यात बसवलं, तेल लावलं, मग मी तिला मांडीवर घेऊन बसले. डोळे मिटून पडली होती बिचारी. तासाभराने अंडं आलं तेव्हा मला रडू फुटलं.

मग सुईणबाईने विचारलं की हा दिवा कशाला. माझा भाऊ यातला जाणकार आहे, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यावर तिने मला असं झापलं म्हणतोस! थंडीत दिवस लहान झाले की कोंबडी आपणहून अंडी द्यायची थांबते आणि अंग भरून काढते, म्हणाली. तुम्ही दिवा लावून तिला थांबूच दिलं नाहीत. म्हाताऱ्या जिवाला एकामागून एक बाळंतपणं! पुन्हा अडकलं तर वाचायची नाही, असंही बजावून गेली. साठी उलटल्यावर तुझ्यापायी मान खाली घालून बोलणी खाल्ली. दिवा त्याच दिवशी उतरवला.

तीस वर्षं काय शिकलास रे? आज लोभबिभ काही मागत नाही.

अक्का

१६ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते योग्यच आहे. दिव्याची चूक सर्वस्वी माझी. खरं सांगू? म्हाताऱ्या कोंबडीतलं मला काही कळत नाही. तीस वर्षांत मी एकही पाहिलेली नाही. आमच्याकडे कोंबडी म्हातारी होतच नाही. हे तुझं पत्र वाचेपर्यंत कधी डोक्यातही आलं नव्हतं.

काल मालकांनी माझ्या जागी नवा माणूस आणला. महिनाअखेरची वाट कशाला बघता, खोली आताच मोकळी करा, म्हणाले. अंगाचा तिळपापड झाला. पण गाडी बोलावताना मीही हेच म्हणायचो, वाट कशाला बघता, पिंजरे मोकळे करा.

मास्तरीण कशी आहे? तिला बघायला येऊ का? राग गेला नसला तरी दोन ओळी पाठव.

तुझा,
धाकट्या

२० डिसेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

जळो त्या मालकाचं तोंड! तीस वर्षं राबलेल्या माणसाला असं बोलतात? मी तिथे असते तर त्याला पळता भुई थोडी केली असती. आणि येऊ का म्हणून विचारतोस काय? सामान बांध आणि नीघ.

मास्तरीण बरी आहे. अंडं देत नाही. जुनी पिसं झडून नवी येताहेत. मी भाजी निवडायला बसले की देठांसाठी पदर ओढते, मग उन्हात जाऊन झोपते. या घरात तिला कुणी जाब विचारत नाही.

लोभ आहेच, तो घ्यायला लवकर ये.

तुझी,
अक्का

ता. क. मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. खुराड्यातला दिवा तिथे लावलाय. तो कधी मालवायचा ते तुझं तू ठरव.