मामाची पेटी आणि माझा जड हात

२ नोव्हेंबर

आणि वर मीच कृतघ्न! पुन्हा तेच. मामीने आवाज भरून पाठवलाय मोबाइलवर, त्यात अर्धा वेळ मी फोन कसा करत नाही हेच. कशाला करू? मामा माझ्याशी बोलायचा तो बाजाच्या पेटीवर बसून. पेटीवरून मला उठवलं, बोलणं संपलं. मी मस्कतला आलो त्याला तीन वर्षं झाली, त्याने तरी कुठे केला?

पुढचं न ऐकता बंद केलं. दिवसभर अरबांचे पांढरे झगे इस्त्री. एकाची बाही जाळली.

४ नोव्हेंबर

मामीचं शेवटपर्यंत ऐकलं. मामाला पावसाळ्यात अर्धांग झालं ते माहीत होतं. नवीन हे, की विशारद पळाला. सावंतवाडीला गाण्याच्या परीक्षा दिलेला तो, ज्याच्यासाठी मला उठवलं. दुसऱ्या दशावतारी कंपनीने नाइट, म्हणजे रात्रीचे पैसे, वाढवून दिली, गेला. आता जत्रा तोंडावर. नवीन पेटीवाल्याला मामाच्या चाली येत नाहीत आणि मामाला सांगता येत नाहीत. कागदावर काही नाही. दशावतारात कधी असतं? मालक संध्याकाळी आख्यान सांगतो, नट तोंडाला रंग लावता लावता काय बोलायचं ते ठरवतात, पेटीवाला मागून धावतो.

तर आता माझी आठवण. "तुका सगळ्यो येतत. मोबाइलात गाऊन धाड."

मोठ्याने हसलो. शेजारच्या खाटेवर हनीफ, वेंगुर्ल्याचा, आमच्या लॉन्ड्रीची गाडी चालवतो. म्हणाला, "काय रे, लॉटरी लागली?"

७ नोव्हेंबर, सुट्टी

लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात फिरत राहतं.

तीन वर्षांपूर्वी. देवळाच्या मांडवात सामान उतरवलं होतं, ऊन होतं अजून. मी सूर धरून बघत होतो. मामा आला आणि सगळ्या कंपनीसमोर, "ऊठ रे. तुझो हात जड. पेटी म्हणजे काय पाटो-वरवंटो न्हय." सगळे हसले. संकासुराचं काम करणारा तर पोट धरून. मग विशारद बसला माझ्या जागेवर, रुमाल अंथरून.

किती हंगाम त्याच्या शेजारी बसलो. पेटी डोक्यावरून वाहिली. "माझ्यामागे पेटी तुझीच" हे कोण म्हणालं होतं मग?

९ नोव्हेंबर

हनीफला मामा माहीत आहे! "तो राक्षसाक नाचवणारो? अरे, आमी मशिदीमागच्या वाटेन जायचो त्येका ऐकूक!"

होय, तोच. मामा शाळेत चौथीपर्यंत. धामापुरात भजनाच्या पेटीवर हात बसला. मग गोव्यात ख्रिस्तांवांच्या लग्नात बँडवाल्यांचे ढोल उचलायला होता. तिथल्या उड्या मारणाऱ्या चाली कानात घेऊन आला आणि राक्षसाच्या तोंडी घातल्या. त्याआधी राक्षस नुसता ओरडायचा. मामाचा राक्षस प्रेमात पडायचा, लाजायचा, गिरकी घ्यायचा. लोक लोळायचे हसून. आणि मरताना तीच चाल सावकाश. मग बायकांचे पदर डोळ्यांना.

बाकीच्या कंपन्यांनी उचलल्या चाली. मी भांडायला निघालो तर म्हणाला, "चोरूंदेत. चोरल्याशिवाय लोकांका चाल बरी वाटत नाय."

मोठा माणूस. म्हणूनच जास्त लागलं.

१२ नोव्हेंबर

मामाचा फोन. मामीने कानाला धरला होता. शब्द फुटत नाहीत त्याला, पण चाल येते. राक्षसाचीच. गुणगुणला आणि अंतऱ्याच्या तोंडाशी अडकला. परत पहिल्यापासून. परत तिथेच. पुढची ओळ माझ्या घशात आली होती.

गिळली. म्हटलं, "मामा, ड्युटी आसा."

ड्युटी नव्हती.

१३ नोव्हेंबर

मामी तुटून पडली. "माणूस अंतऱ्यात अडाकलो आणि तुका ड्युटी?" म्हटलं, माझो हात जड ना, गळो पण जडच असतलो.

तिने आवाज खाली आणला. मग, "खरा सांगू तुका? हात कसलो जड! तुझ्या आवशीन पाय धरल्यान त्येंचे. म्हणाली, भावा, त्येका उठव. घोव गेलो, घराक छप्पर नाय, चेडू लग्नाचा. हो पेटीर बसलो तर आमी खंय जातलाव? माझा ऐकूचो नाय, तुझा ऐकतलो. चार लोकांत सांग, म्हणजे परत फिरूचो नाय."

चार लोकांत. तेही आईनेच सांगितलं.

१४ नोव्हेंबर, सुट्टी

आईला फोन. मासे विकून नुकती आली होती, टोपली टेकल्याचा आवाज आला. विचारलं. वाटलं, नाही म्हणेल.

"होय, सांगलंय. मगे?"

"माका कित्या नाय सांगलंस?"

"सांगला असता तर गेलो असतंस?"

तीच पुढे म्हणाली,

"पेटीन तुझ्या मामाक काय दिल्यान ता विचार. मामीच्या हातात काचेची काकणा आसत अजून. हंय स्लॅब पडलो, तुझ्या भयणीचा लगीन झाला. ता काय राक्षसान नाचान केल्यान?"

संतापलो होतो तरी हसू फुटलं. तिला ऐकू गेलं असणार. लगेच, "जेवलंस?"

मी फोन ठेवला.

विकलं म्हणावं मला, तर स्वतःच्या अंगावर काही घातलं नाही तिने. अजून टोपली डोक्यावर. मामा खोटं बोलला ते बहिणीसाठी. तीन वर्षं माझा राग झेलला त्याने. आई खोटेपणाने वागली ती घरासाठी. माझ्यासाठी कोण खोटं बोललं? मला तर खरंसुद्धा कोणी...

१६ नोव्हेंबर

मशीन बंद झाल्यावर इस्त्रीघरात बसून चाली म्हटल्या. राक्षसाची सगळी, अंतऱ्यासकट. हनीफ पाइपवर चमच्याने झांज धरत होता. "रडतंस पण तालात रे!" म्हणाला. धाडल्या.

१८ नोव्हेंबर

मामाने ऐकल्या. काहीतरी बोलला, मामीला समजायला वेळ लागला. "दुसऱ्या कडव्यात घाई."

एवढंच. घाई होतीच. पुन्हा म्हणून धाडलं.

२१ नोव्हेंबर

कंपनीच्या मालकाचा फोन. "मोबाइलात ऐकान पेटी येयना रे कोणाक. तूच ये. शिमग्यापर्यंत तरी बस." सुपरवायझरला विचारलं. मधेच गेलास तर व्हिसा रद्द, परत घेणार नाही.

मामीला विचारलं, मामा काय म्हणतो?

"ते म्हणतत, बायक विचार."

बाय म्हणजे माझी आई. पुन्हा तिलाच विचारायचं! याही वेळी दोघं मिळून ठरवणार आणि मला चार लोकांत कळणार.

३० नोव्हेंबर

पगार झाला. दशावताराच्या मालकाला हो-नाही काही कळवलं नाही. आईचे फोन येतात, उचलत नाही.

पैसे पाठवायच्या रांगेत उभा होतो. खोलीवरून ठरवून निघालेलो, दर महिन्याला वीस हजार जातात, या महिन्यात काहीच नाही. समजूदे. मग वाटलं निम्मे. मग स्लॅबचं राहिलेलं प्लास्टर आठवलं, मग तिचं ते "जेवलंस?" आणि परत चीड आली. खिडकी आली तरी ठरलेलं नव्हतं. सोबत दर महिन्याला काहीतरी लिहितो, गोळ्या घे, ओझं कमी उचल. खिडकीवाल्याने विचारलं, मेसेज?

म्हटलं, नाही.

आईच्या खात्यावर, वीस हजार रुपये.