अकरा पासबुकं आणि एक शिक्का

१२ जून २००६, सोमवार

कापले! एकशे दहा रुपये कापले!

तीन महिन्यांचा पगार एकदम जमा झाला — साडेसातशे. (आम्ही पगारच म्हणतो. सरकारी कागदावर काही का लिहिलेलं असेना.) हातात आले सहाशे चाळीस. मी तीनदा मोजले. बँकेच्या खिडकीतल्या मुकुलला विचारलं, तर मान वर न करता म्हणतो, "मिनिमम बॅलन्स नाही राखला ना मावशी. खात्यात पाचशे ठेवावे लागतात. नाहीतर तिमाहीला पंचावन्न. दोन तिमाहीचे एकशे दहा."

पाचशे ठेवायचे! महिन्याला अडीचशे मिळणाऱ्या बाईने! मी म्हटलं, "पाचशे नुसते पडून राहतील एवढी ऐपत असती तर सरकारने मला पैसे दिले असते का रे?" मागे रांगेतले लोक हसले. तो नाही हसला. लांज्याहून घरी येईस्तोवर डोकं तडतडत होतं.

१३ जून

वाडीत घरोघर फिरले. पगार घेणाऱ्या आम्ही अकरा जणी, अकराच्या अकरा जणींचे कापलेत. तुळसाकाकूला पत्ताच नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नोटा बोटांनी चाचपून ओळखते. ऑपरेशन रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये फुकट होईल, पण गाडीभाडं, थेंब, चष्मा — त्यासाठी ती पिठाच्या डब्यात पैसे साठवतेय. मी सगळं समजावून सांगितलं. "म्हंजे माजा डोळा आनखी फुडं गेला," एवढंच म्हणाली.

मी तिथेच सांगून आले — काकू, हे पैसे परत आणले नाहीत तर नावाची मथुरा नाही.

१५ जून

गेल्या वर्षीची आठवण आली. पूर्वी पगार पोस्टमन आणून द्यायचा. मग बँकेत खाती उघडायची म्हणून बँकेची माणसं देवळात आली. सातवी शिकलेली मी एकटी, म्हणून अकराही जणींचे फॉर्म मीच भरले. बोटं आखडली होती.

पासबुकावर म्हणे 'निराधार' असा शिक्का बसणार! सगळ्या बिचकल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई मैनावहिनी (त्यांना पगार नाही, मोठ्या भावजींची मुंबईला नोकरी, नुसत्या मोठेपणाने येऊन बसलेल्या) उभ्याच राहिल्या — "आमचं मानूस जित्तं असताना ह्या घरातली बाय निराधार? भावकीत काय तोंड दावायचं?" मलाही ते पटलं. विधवा आहे, पण भीक मागत नाही! शिक्का नको म्हणजे नको. आम्ही अकराही जणी अडून बसलो आणि जिंकलो. त्या दिवशी आमची पासबुकं इतरांसारखीच कोरी निघाली. कसला आनंद झाला होता!

आणि आता हा चोरटेपणा.

३ जुलै

मॅनेजरला अर्ज दिला. म्हणाला, "नियम वरून येतात." मी म्हटलं, "मग मीही वर जाते."

१२ जुलै

रत्नागिरीला जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिनासाठी अर्ज दिला. पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. एसटीचं भाडं अकरा जणींनी मिळून काढलं. खाली अकरा नावं — माझी सही, बाकी अंगठे.

संध्याकाळी मैनावहिनी शेरभर तांदूळ मागून गेल्या. भात गिरणीत अडकलाय म्हणे. मागच्या महिन्यातही अडकला होता. मनीऑर्डर येणारं घर, आणि डबा माझ्या दारात! दिले.

७ ऑगस्ट, सोमवार

आज काय झालं ते लिहायचं जिवावर आलंय.

लोकशाही दिनाला कलेक्टर साहेबांसमोर मी ठणकावून बोलले. "सरकार एका हाताने देतं आणि बँक मधल्यामधे काढून घेते, हा कुठला न्याय?" साहेब मान डोलावत होते. मग बँकेचा माणूस उठला. शांतपणे फाईल उघडली. "साहेब, अनुदानाच्या खात्याला आम्ही एक पैसाही शुल्क लावत नाही. पण यांनी साधं बचत खातं मागितलं. हे फॉर्म पाहा."

फॉर्म माझ्यासमोर ठेवले. अकरा फॉर्म. 'निराधार अनुदान खाते' यावर दोन आडव्या रेघा, एवढ्या जोरात की तुळसाकाकूच्या फॉर्मचा कागद फाटलाय. खाली 'साधे बचत' यावर बरोबरची खूण. अक्षर माझं. पेन माझं. रेघा माझ्या.

साहेब म्हणाले, नवीन फॉर्म भरा, शिक्का मारून घ्या, कापलेले पैसे बँक परत करेल. बँकेचा माणूस हो म्हणाला. मी जिंकले म्हणायचं की हरले?

८ ऑगस्ट

कुणाला काही बोलले नाही.

९ ऑगस्ट

आजही नाही. लाज वाटते. आणि रागही येतो — देवळात त्या दिवशी एकाने तरी सांगायचं होतं ना, की बाई, या रेघेचे पैसे पडतील! फॉर्म भरताना बघत उभे होते की सगळे!

१० ऑगस्ट

तुळसाकाकूच्या पडवीत सगळ्यांना बोलावलं. उभी राहून सांगितलं. माझ्या रेघांमुळे पैसे गेले. परत हवे असतील तर शिक्का घ्यावा लागेल. शिव्या द्यायच्या तर द्या.

मग तुळसाकाकू हसायला लागली. "मारू दे गो शिक्का! मला खंय दिसतोय! डोळा झाला की बघीन तरी कसला हाय तो." सगळ्या खो-खो हसल्या. मी रडले.

मैनावहिनी दाराशी ऐकत होत्या. "घराची अब्रू येशीवर टांगलीस! ह्येंच्या कानावर गेलं तर?" मी म्हटलं, "जाऊ दे. भावजींनी माझ्या चुलीत एक ढलपी तरी घातली का आजवर? अब्रू त्यांची आणि उपास माझा?" त्या एकदम पांढऱ्या पडल्या. जरा जास्तच लागलं वाटतं.

२१ ऑगस्ट

रांगेत पहिली मी. मुकुलने शिक्का उचलला आणि थबकला. म्हणाला, "आतल्या पानावर मारू का मावशी? कुणाला दिसणार नाही." पोर वाईट नाही. मी म्हटलं, "पहिल्या पानावर मार. ठळक मार. मला आधार नाही यात माझा काय गुन्हा?"

एकशे दहा रुपये परत. अकरा जणींचे, अकरा वेळा! तुळसाकाकूने तिथल्या तिथे नोटा चाचपून घेतल्या.

२८ ऑगस्ट

गणपतीला मोठे भावजी आले नाहीत. कंपनीने सुट्टी दिली नाही म्हणे. लागोपाठ तिसरं वर्ष. आरतीला ताट मैनावहिनींनीच धरलं.

२ सप्टेंबर

मैनावहिनी मागच्या दाराने आल्या. तांदळाचा डबा नव्हता, पदराखाली पगाराचा कोरा अर्ज होता. "भर," म्हणाल्या. "तीन वर्सं झाली. मनीआर्डर नाय, का पत्र नाय. तकडं दुसरा संसार हाय त्येंचा."

मी पेन उघडलं. विचारलं, "वहिनी, शिक्का?"

"ठळक मारायला सांग."