वलांडीवर गेलेली गाणी

मंगळवार, १२ नोव्हें. ९१
नाय, मी नाय पायली ती टेपेची पेटी. असंच सांगितलं आज सामंतभाऊंना. दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं. मी झाडू मारणारी, टेपांची राखण त्यांची.
मुंबईहून एक साहेब आलाय, संगती तरणी लेक. वीसेक वर्सांमागं त्याच्या बँडनं रॉकची गाणी भरली, कंपनीनं रेकॉर्ड काढलीच नाय. टेप तेवढी बोयसरला आमच्या गोडावनात येऊन पडली. दुसरी कुठंच नाय म्हणे.
साहेब बोलतो ते कुजबुजल्यासारखं. मला राहवलं नाय. म्हटलं, "साहेब, मोठ्यानं बोला की. बायको मुंबईत हाय, इथं ऐकत नाय."
कुणी हसलं नाय. लेकीनं बापाच्या गळ्यावरचा रुमाल सारखा केला, तेव्हा वण दिसला. गळ्याचं ऑपरेशन. गाणारा तोच होता.
मेली माझी जीभ.

बुधवार
पेटीवर लाल पेनानं खेकडा काढलाय, साहेबानं सांगितलं. सहा पायांचा. काढणाऱ्यानं जल्मात खेकडा धरला नसेल.
कुठली पेटी ते म्हायत हाय मला. पावसात गोडावनाचा पत्रा गळला, भिजलेल्या पेट्या भंगारात काढल्या. सामंतभाऊ म्हणाले, "जमनाबाय, लागेल ते ने." त्यातलीच एक आणली मी. भंगारातली.
थाळीएवढं चाक, त्यावर टेप गुंडाळलेली. उलगडून वलांडीवर बांधली, बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर. उन्हात चमचमते, वाऱ्यावर गुंगुं करते, कावळा फिरकत नाय. नणंद हिरानं मागितली, तिला दिली. तिच्या जावेला दिली. वाळवणावर दगड घेऊन बसायचं काम गेलं. आळीतल्या बाया माझं नाव घेत होत्या.

शुक्रवार, १५
लेक परत आली, एकटीच. वाणगावला कुणाकडं तरी उतरलीत. चहा दिला तिला. विचारलं, "बापाचं गाणं कसं होतं गं?"
म्हणाली, "मावशी, मी ऐकलंच नाही. मी दोन वर्षांची असताना पप्पांचं ऑपरेशन झालं. म्हणून तर आलोय."
बिस्कीट पुढं केलं. दुसरं काय करणार. तिनं खाल्लं पण, माझ्याकडं बघून हसली पण.

शनिवार
सुटी घेतली. दारोदार फिरून टेप सोडवली. हिरा कमरेवर हात देऊन उभी. "वैनी, दिलेली वस्तू परत नेतेस? आता कावळे तू हाकणार?"
म्हटलं, "हाकीन. माझं तोंड बघून तुझा भाऊ पळायचा, कावळ्याचं काय!"
ती हसली. मी पण हसले, सवयीनं. सोडवताना तुकडे तुकडे झाले. खारं पाणी लागून चिकटलेले, बोंबलाचा वास. बोटांना तपकिरी रंग लागला. डालड्याच्या डब्यात भरून ठेवली.

सोमवार, १८
कचरा काढता काढता विचारलं, "भाऊ, टेपेचा रंग गेला तर वाजते का हो?"
सामंतभाऊ बोलले, "तो रंगच तर गाणं, बाय. खालची नुसती पट्टी." मग माझ्याकडं बघत राहिले. "का गं?"
"अशीच."
हेड ऑफिसचा फोन आला. भाऊ उभे राहून बोलत होते. "होय साहेब. माझीच चूक. भिजलेल्यांबरोबर मीच टाकली असेल." रिटायर व्हायला त्यांना सहा महिने. बावीस वर्सांत एक टेप हरवली नाय म्हणून सांगायचे सगळ्यांना. मी त्यांना टेपांची सासू म्हणायचे.
मी तिथंच झाडू घेऊन उभी. तोंड उघडलं नाय. एरवी गप्प बस म्हटलं तरी बसत नाय.

मंगळवार
डबा घेऊन कामावर निघाले. बसमध्ये मांडीवर. तसाच परत आणला. हिराला सांगितलं, भंगाराचा माल होता, माझा काय दोष. ती बोलली, "मग रडतेस कशाला?" कांद्याचं नाव सांगितलं. चुलीवर कांदा नव्हता.

बुधवार, २०
उद्या बाप-लेक शेवटचे येणार. सामंतभाऊ त्यांच्यापुढं हात जोडणार, मीच टाकली म्हणून. मला बोलले, "जमनाबाय, उद्या चहा चांगला कर." त्यांना खरंच वाटतंय, त्यांनीच टाकली.
डबा पिशवीत घातलाय. काढीन की नाय, म्हायत नाय.
इथं आठ दिवस खोटं लिवलं. कोण वाचतंय, तरी लिवलं. पेटी भंगारातली नव्हती. भंगारातल्या टेपांना बुरशी होती, चमकत नव्हत्या. मी कपाट उघडलं, चांगली बघून घेतली. पेटीवर सामंतभाऊंनी मराठीत लिवलं होतं, एकच प्रत, हात लावू नये. चौथी शिकलेय मी. वाचलं, आणि घेतली.